पाटीचे दोनशे ग्रॅम आणि सहा महिन्यांची प्रवासबंदी

प्रति,
माननीय अधिकारी,
प्रवासी तक्रार व प्रवासबंदी विभाग,
विमान कंपनीचे मुख्य कार्यालय, चौथा मजला.

अर्जदार : वजनकाटे दुरुस्त करणारा, वय वर्षे एकाहत्तर, दुकान जुन्या बाजाराच्या मागच्या गल्लीत.

विषय : अर्जदाराचे नाव उपद्रवी प्रवाशांच्या यादीतून काढण्याबाबत, ते जमत नसल्यास निदान चोवीस तारखेपुरते न दिसल्यासारखे करण्याबाबत.

संदर्भ : १) आपले बंदीचे पत्र, जावक क्रमांक ४१७, दिनांक ९.
२) तीन तारखेचे सकाळी सातचे विमान, जे अर्जदारामुळे थांबले आणि अर्जदाराला न घेता गेले.

महोदय,

१. आपले पत्र अर्जदाराला काल मिळाले. ते त्याने तीनदा वाचले. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आले, तिसऱ्यांदा बहीण डोळ्यांसमोर आली, म्हणून हा अर्ज. पत्रात म्हटले आहे की अर्जदाराने "जड धातूची वस्तू काउंटरवर आपटली, टोकदार हत्याराने कंपनीच्या मालमत्तेची मोडतोड केली, जमाव गोळा केला व विमानास एकवीस मिनिटे उशीर घडवून आणला", सबब त्याला सहा महिने आपल्या कोणत्याही विमानात पाऊल ठेवता येणार नाही. यातली एकवीस मिनिटे खरी आहेत. बाकीच्यात फेरफार आहे, आणि फेरफार शोधणे हा अर्जदाराचा एक्केचाळीस वर्षांचा धंदा आहे.

२. आधी मुद्द्याचे. अर्जदाराची थोरली बहीण बेटावर राहते. तिथे तिचे छोटे किराणा दुकान आहे. तिचा उजवा डोळा चार वर्षांपूर्वी गेला. त्या ऑपरेशनला ती एकटीच गेली होती, कारण अर्जदार तेव्हा एका गिरणीचा मोठा काटा उघडून बसला होता आणि "उद्या निघतो" असे त्याने कळवले होते. दुसऱ्या दिवशी तो निघालाही; डोळा आदल्याच दिवशी गेला होता. आता डावा डोळा काचबिंदूने धरला आहे. डॉक्टरांनी ऑपरेशनला चार तारीख दिली होती. बहीण फोनवर म्हणाली, "तू आलास तरच मी टेबलावर चढेन. आत येऊ नकोस बाबा, आत आलास तर डॉक्टरला अक्कल शिकवशील. दाराबाहेर बस आणि मधून मधून खोकत राहा. तुझा खोकला कानावर पडला की मला पुरे." खोकला अर्जदाराकडे मुबलक आहे. तो वेळेवर तिथे नेऊन पोचवणे एवढेच आपल्या कंपनीकडे मागितले होते. बेटावर दुसऱ्या कोणाचे विमान जात नाही. आपले मंगळवारी आणि शनिवारी जाते. बोट महिन्यातून एकदा, पाच तारखेला सुटते.

३. तिकीट सुनेने काढून दिले, पण त्याबरोबरच्या अटी अर्जदाराने स्वतः वाचल्या. त्याला अक्षरे बासष्टाव्या वर्षी आली. त्यामुळे छापलेले काही हाती आले की शेवटच्या ओळीपर्यंत गेल्याशिवाय ते त्याला सोडवत नाही. आपल्या अटी वाचायला चार दिवस लागले. ज्याने त्या लिहिल्या त्यानेही इतक्या मन लावून वाचल्या नसतील. त्यावरून कळले की पाण्याला वेगळे पैसे, खिडकीला वेगळे पैसे, शेजारी आपलेच माणूस बसावे असे वाटले तर त्या वाटण्यालाही पैसे. खुर्ची मागे झुकत नाही, ते मात्र फुकट. याबद्दल तक्रार नाही. स्वस्तात उडायचे तर गुडघे हनुवटीला लावून उडावे, यात गैर काय? अर्जदाराने फक्त अट क्रमांक चौदा लक्षात ठेवली : हातातली बॅग, सात किलो.

४. बॅगेत दोन जोड कपडे, औषधांचा डबा, नणंदेने घ्यावी म्हणून अर्जदाराच्या पत्नीने विणलेली शाल, अशा वस्तू होत्या. शिवाय पितळी वजनांचा एक संच होता, सरकारी शिक्क्याचा. बहिणीच्या दुकानातला काटा गेले वर्षभर अंदाजाने चालला आहे. तिला त्यावरचे आकडे दिसत नाहीत. गिऱ्हाईकच मोजून घेते आणि गिऱ्हाईकच किती झाले ते सांगते. काट्याने निदान खरे बोलावे म्हणून अर्जदार वजने नेत होता. सगळी बॅग त्याने दुकानातल्या तराजूत घालून सात किलोला आणली. तराजूचा काटा मधोमध उभा राहिला, डुललासुद्धा नाही. असा काटा उभा राहिला की अर्जदाराला रात्री चांगली झोप लागते, तशी लागली.

५. तीन तारखेला साडेपाच वाजता तो आपल्या काउंटरवर हजर होता. तिथल्या मुलीने बॅग बाजूच्या काट्यावर ठेवायला सांगितली. काट्याचा आकडा तिच्याकडे तोंड करून होता, प्रवाशांकडे त्याची पाठ. ती म्हणाली, "आजोबा, आठ किलो भरली."

अर्जदार म्हणाला, "सात आहे, बाळ. तुझा काटा चुकतोय."

"काटा कसा चुकेल? कंपनीचा आहे."

मुलगी स्वभावाने चांगली होती, हे नोंदवणे अर्जदार आपले कर्तव्य समजतो. तिने खालच्या आवाजात सुचवले, "जास्तीचे पैसे भरायचे नसतील तर दोन शर्ट अंगात घाला, शाल गुंडाळून घ्या. सगळे तसंच करतात." अर्जदाराने मागे वळून पाहिले. खरोखरच सगळे तसेच करत होते. निळ्या बॅगेच्या एक बाई एकावर एक दोन स्वेटर घालून घामाघूम झाल्या होत्या. एक गृहस्थ बॅग हलकी करण्यासाठी उभ्या उभ्या बिस्किटांचा पुडा संपवत होते. अर्जदाराने त्या मुलीला विचारले की शर्ट बॅगेतून काढून अंगावर चढवला तर विमान हलके होते का, आणि बिस्किटे पुड्यातून पोटात गेली तर ती गेली कुठे? मुलगी म्हणाली, "आजोबा, नियम बॅगेचा आहे, विमानाचा नाही." या उत्तरावर अर्जदार आजतागायत विचार करत आहे.

६. पैशाचा प्रश्न नव्हता. पैसे खिशात होते आणि भरायचीही तयारी होती. पण भरले असते तर तो काटा खरा ठरला असता, आणि खोट्या काट्याला खरे म्हणून पुढे जाणे अर्जदाराला जन्मात जमलेले नाही. ही त्याची खोड आहे, घरच्यांनी तिच्यावर पुष्कळ इलाज करून पाहिले आहेत. त्याने बॅग उघडली, संचातले एक किलोचे वजन काढले आणि काट्यावर ठेवले. महोदय, "आपटले" हा शब्द आपल्या पत्रात ज्याने घातला असेल त्याने प्रमाण वजन कधी हाताळलेले नाही. वजन आपटत नाहीत. आपटले की झिजते, आणि झिजले की खोटे बोलू लागते. ते फडक्यात धरतात आणि झोपलेले मूल अंथरुणावर ठेवावे तसे ठेवतात. अर्जदाराने तसेच ठेवले. मग मुलीला म्हणाला, "आता वाच."

तिने वाचले. मग पुन्हा वाचले. मग म्हणाली, "एक किलो दोनशे."

७. हे तिने जरा मोठ्याने म्हटले, आणि जमाव म्हणून ज्याचा आपल्या पत्रात उल्लेख आहे तो इथून सुरू झाला. अर्जदाराने कोणालाही बोलावले नव्हते. "म्हणजे आम्ही काय उगीच उकडून घेतोय?" असे म्हणत निळ्या बॅगेच्या बाईंनी पहिला स्वेटर काढला. बिस्किटवाल्या गृहस्थांना निषेध करायचा होता, पण तोंड भरलेले असल्यामुळे त्यांनी तो हातवाऱ्यांनी केला. "आजोबा, माझीपण बघा", "माझी आधी, मी कधीचा उभा आहे" असे म्हणत चौदा माणसे रांगेतच राहिली, फक्त रांगेचे तोंड काउंटरकडून अर्जदाराकडे वळले. रांग मोडली असा आरोप पत्रात नाही, याबद्दल अर्जदार आभारी आहे.

एवढ्यात वॉकीटॉकीवाले साहेब आले. त्यांनी विचारले, "तुम्ही कोण हो काटे तपासणारे?" या प्रश्नाचे खरे उत्तर "काटे तपासणारा" हेच असल्याने अर्जदाराने ते दिले. साहेबांना तो उद्धटपणा वाटला.

८. आता टोकदार हत्याराबद्दल. अर्जदाराने मुलीला रिकाम्या काट्याचा आकडा वाचायला सांगितला. तो शून्य नव्हता, दोनशे होता. काट्यावर काहीही नसताना दोनशे ग्रॅम कशाचे, म्हणून तो खाली वाकला, आणि त्याला दिसले की काट्याच्या पाट्यालाच दोन स्क्रूंनी एक पाटी ठोकली आहे. लोखंडी पट्टीवर प्लास्टिकची पाटी, त्यावर लाल अक्षरांत : "हातातली बॅग कमाल सात किलो. कृपया वजन तपासूनच पुढे या." काटा शून्यावर लावल्यानंतर केव्हातरी कोणी हौशी माणसाने ती बसवली असणार. म्हणजे प्रत्येक प्रवाशाच्या बॅगेबरोबर आपली कंपनी आपली सूचनाही मोजत होती आणि तिचा भार त्याच्याकडून वसूल करत होती. एक्केचाळीस वर्षांत अर्जदाराने पारड्याखाली चिकटवलेले मेण पाहिले आहे, दांडीच्या टोकाला दडवलेले शिसे पाहिले आहे; पण ज्याने वजन वाढते त्यावरच "वजन तपासा" असे लिहिण्याइतका मोकळेपणा कधी पाहिला नव्हता.

स्क्रूड्रायव्हर सदऱ्याच्या खिशात असतो, जसा आपल्या खिशात पेन असेल. तो सुरक्षा तपासणीच्या आधीच काढून द्यायचा हे अर्जदाराला ठाऊक होते. त्याने दोन स्क्रू काढले, पाटी उचलली. आकडा शून्यावर आला. मुलगी टाळी वाजवणार होती, पण साहेबांकडे पाहून तिने हात परत टेबलाखाली नेले. याला मोडतोड म्हणत नाहीत, महोदय, याला दुरुस्ती म्हणतात, आणि अर्जदार बाजारात याचे पैसे घेतो. तिथे घेतले नाहीत. साहेबांनी पाटी काखेत मारून नेली. गडबडीत दोन्ही स्क्रू अर्जदाराच्या हातातच राहिले, ते वेगळ्या पाकिटातून आपल्याकडे परत पाठवले आहेत. पाटी पुन्हा बसवणार असाल तर भिंतीवर बसवावी.

पुढे साहेबांचे म्हणणे लिहून घेण्यात, चौदा बॅगा पुन्हा मोजण्यात आणि दोन रखवालदार येण्यात वेळ गेला. विमान बाकीच्यांसाठी थांबले. अर्जदाराला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवले होते. तिथे काचेतून विमान दिसत होते. निळ्या बॅगेच्या बाई जाता जाता म्हणाल्या, "आजोबा, तुमचे फार उपकार झाले." मग त्या गेल्या, बिस्किटवाले गेले, दार लागले, आणि अर्जदार उपकारांसकट बाकावर राहिला.

९. इथपर्यंतचे वाचून आपल्याला वाटेल की अर्जदार पूर्णपणे बरोबर होता. अर्जदारालाही कालपर्यंत तसेच वाटत होते. आता जे लिहितो आहे ते लपवता आले असते, पण मग पुन्हा कोणाच्या काट्याला हात लावायला तोंड राहणार नाही.

काट्यात चूक दोनशे ग्रॅमची निघाली. बॅग तर एक किलोने जास्त भरली होती. उरलेले आठशे कुठले? वजन वाढते तशी काही काट्यांची चूकही वाढत जाते, तसे असेल म्हणून त्या सकाळी अर्जदाराने ते आठशे ग्रॅमही बेधडक आपल्या माथी मारले. काल आपले पत्र आल्यावर या अर्जाला पुरावा हवा म्हणून त्याने बॅग पुन्हा त्याच तराजूत, त्याच पद्धतीने मोजली. काटा पुन्हा मधोमध. तो सुनेला बोलावून म्हणाला, "बघ, सात."

सून चहाचा कप हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, त्या दुसऱ्या पारड्यात वजनांच्या खाली ते काय आहे?"

"रिकामी बॅग. तुझ्या सासूची. दोन्ही जोडीनेच घेतल्या होत्या ना."

"ती तिथे कशाला?"

"पासंग म्हणून. बॅगेचं वजन मालात धरायचं नसतं. एवढंही माहीत नाही?"

सून म्हणाली, "पण बाबा, विमानात बॅग घरी ठेवून नुसता माल जाणार होता का?"

महोदय, दुकानदार साखर तोलतो तेव्हा डब्याचे वजन गिऱ्हाइकाच्या माथी मारत नाही. रिकामा डबा दुसऱ्या पारड्यात ठेवून तो फरक आधी मारतात, मग साखर तोलतात. त्यालाच पासंग म्हणतात. एक्केचाळीस वर्षे अर्जदाराच्या हाताला हेच वळण आहे. तो हात विचारत नाही, आपसूक करतो. त्या हाताने अर्जदाराला न विचारता बॅग वजा केली. आपल्या कंपनीत मात्र डब्यासकट साखर तोलतात. रिकामी बॅग आठशे ग्रॅम भरली.  सुनेने चहा पुढे केला तो अर्जदाराने घेतला.

तेव्हा आठशे अर्जदाराचे आणि दोनशे आपले. आठशेचे पैसे अर्जदार भरायला बांधील आहे, मागाल तेव्हा भरेल. आपल्या दोनशेचे काय करायचे ते आपण त्या चौदा जणांना आणि त्यांच्या आधीच्यांना विचारावे.

१०. चार तारखेला दवाखान्यात काय झाले ते बहिणीच्या शेजारणीने कळवले. बहिणीला हिरवे कपडे घातले होते, डोळ्यात औषध घातले होते. तिने विचारले, "बाहेर कोण बसलंय?" नर्स म्हणाली, "कोणी नाही." त्यावर ती उठून बसली, स्वतःच्या चपला चाचपून शोधल्या आणि घरी निघून आली. डॉक्टर मागून हाका मारत होते.

अर्जदाराने फोन केला तेव्हा ती रागावली असती तर बरे झाले असते. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले, पाटी आणि स्क्रूसकट. मग म्हणाली, "अरे, आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे सरळ केलेस. एक दिवस एक वाकडा राहिला असता तर काय आभाळ कोसळणार होतं?"  मग तिनेच विचारले, "त्या मुलीची नोकरी तर नाही ना गेली?" तेही अर्जदाराला माहीत नाही. गेली असल्यास कृपया परत द्यावी. काटा तिने लावला नव्हता, तिने फक्त वाचला, आणि दर वेळी खरा वाचला.

डॉक्टरांनी आता पंचवीस तारीख दिली आहे. त्यांचे म्हणणे, डावा डोळा तोवर कसाबसा थांबेल, पुढचे ते सांगू शकत नाहीत. बहिणीची अट बदललेली नाही. सात तारखेला अर्जदार शनिवारच्या विमानाला गेला तेव्हा काउंटरवर सांगण्यात आले की त्याचे नाव यादीत आहे, पत्र येईल. बंदीची कल्पना पाच तारखेला नव्हती, त्यामुळे बोटही गेली. आता पंचवीस तारखेच्या आत बेटावर पोचायला आपल्या विमानाशिवाय दुसरी वाट नाही, आणि त्यातले शेवटचे चोवीस तारखेचे, मंगळवारचे. पोहता येते, पण एवढे नाही.

११. तरी विनंती अशी की अर्जदाराचे नाव यादीतून काढावे. तो या वेळी बॅग आणणार नाही. अंगावरचे कपडे, तिकीट आणि खोकला, एवढेच घेऊन येईल. आपल्या काट्याकडे ढुंकूनही बघणार नाही. तो दोन किलोने चुकत असला तरी बघणार नाही. हे लिहिताना हात थांबला होता, तरी लिहिले आहे, आणि अर्जदार लिहिलेल्याला जागतो.

नाव काढणे नियमात बसत नसेल तर दुसरा मार्ग सुचवतो. बंदी उठवू नये, फक्त ती परतीच्या बाजूने लावावी. चोवीस तारखेला अर्जदाराला जाऊ द्यावे, आणि तिथून पुढे सहा महिने त्याला परत आणू नये. आपली शिक्षाही पुरी होईल आणि पत्र क्रमांक ४१७ खोटे पडणार नाही. ऑपरेशननंतर डोळ्यात दिवसातून चार वेळा औषध घालायला तिथे माणूस लागणारच आहे. गल्लीतले दुकान सून उघडेल. पासंगाचा प्रश्न तिने विचारला तेव्हापासून अर्जदाराला तिच्यावर पूर्ण भरवसा आहे. सहा महिने बेटावर राहायला अर्जदाराची हरकत नाही. सहा महिने अर्जदाराला घरात ठेवून घ्यायला बहिणीची हरकत असू शकेल, पण तो त्या दोघांचा प्रश्न आहे, कंपनीने त्यात पडू नये.

होकार असो वा नकार, वीस तारखेच्या आत कळवावे. नकार असल्यास तो बहिणीला अर्जदार स्वतः सांगेल.

आपला नम्र, आणि सध्या नाइलाजाने जमिनीवर असलेला,

(सही)
अर्जदार

दिनांक : १२

सोबत :
१) बंदीच्या पत्राची प्रत.
२) तीन तारखेचे न वापरलेले तिकीट.
३) डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो, शेजारणीने पाठवलेला. अक्षर वाईट आहे, पण अर्जदाराला लागले, आपल्यालाही लागेल. सर्वांत खालची ओळ पाहावी : "यानंतर तारीख मिळणार नाही."